आईचा आवाज : शून्य मिनिटं

सगळं पाच मिनिटांत उरकलं, आणि खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत मी भलतीच खूश होते.

साताऱ्याच्या केंद्रात आवाज नोंदवायची एक छोटी खोली आहे. खुर्ची, टेबल, टेबलावर टॅब. भिंतींना गादीसारखं काहीतरी जाड लावलंय, त्यामुळे आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. हर्षदाकाकू खुर्चीत बसली होती. ऑपरेशनला चारच दिवस झाले होते, टाके ओढत होते. सवयीनं तिचा हात पोटाकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. पोटात आता कुणी नव्हतं. जे होतं ते पलीकडच्या हॉलमध्ये, अकरा नंबरच्या पिशवीत होतं.

टॅबवर अक्षरं उमटली. 'आईने खालील उतारा नेहमीच्या आवाजात, मोठ्याने वाचावा.' उतारा मधमाश्यांवर होता.

काकूनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. तिच्या गळ्याची शीर नुसती हलली.

"कार्ते," ती शेवटी कुजबुजली, "तू वाच गं."

यात आम्हा दोघींनाही काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात काहीही वाचायचं असलं की 'कार्तिकीला बोलवा' हे ठरलेलंच आहे. वरच्या मजल्यावर आई, पप्पा आणि मी. खाली धनाकाका आणि काकू. काकूच्या गॅसचा ओटीपी माझ्या फोनवर येतो, बँकेचा माझ्या फोनवर येतो, तिच्या दूध संघातल्या हजेरीचासुद्धा. तिची सही सोडून तिचं सगळं मीच करते म्हणा ना. शिवाय मी नुकतीच जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. हीच मी, सातवीत स्टेजवर 'आदरणीय' एवढं म्हणून जी थांबले ती बाईंनी हाताला धरून खाली आणेपर्यंत! नववीत मला माझा आवाज सापडला, आणि सापडल्यावर मी तो दिसेल तिथे वापरत सुटले होते.

म्हणून मी मधमाश्यांचा उतारा वाचला. अगदी चढउतार घेऊन, 'राणीमाशी' म्हणताना थोडं थांबून. टॅब गोड आवाजात म्हणाला, "धन्यवाद, आई. तुमचा आवाज नोंदवला गेला आहे."

मला फिस्सकन हसू आलं. "आई म्हणतोय मला!"

काकूसुद्धा हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

त्या पिशवीला सगळे 'दुसरी पिशवी' म्हणतात. ती म्हणजे काय ते एकदा नीट सांगते, कारण आमच्या वर्गातसुद्धा निम्म्यांना वाटतं की तिथे बाळं बनवतात. बनवत-बिनवत काही नाहीत. काही बायकांच्या गर्भपिशवीचं तोंड पाचव्या महिन्याच्या सुमाराला आपोआप उघडायला लागतं. टाका घाला, झोपवून ठेवा, इंजेक्शनं द्या. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. पूर्वी एवढ्या लवकर बाहेर आलेलं बाळ वाचायचं नाही, कारण त्याची फुप्फुसं हवा घेण्याइतकी तयारच नसतात. आता त्याला हवेत आणतच नाहीत. ऑपरेशन करून, नाळेसकट, थेट एका पारदर्शक पिशवीत ठेवतात. पिशवीत कोमट पाणी, अगदी पोटातल्यासारखं. नाळेला दोन नळ्या जोडलेल्या. बाळाचं रक्त बाळाच्याच हृदयाच्या जोरावर बाहेरच्या एका डबीतून फिरतं, तिथे प्राणवायू घेतं आणि परत येतं. सतरा आठवडे बाळ त्यात राहतं, वाढतं, अंगठा चोखतं. कमरेच्या खालच्या भागावर बाहेरून हिरवं फडकं लावलेलं असतं. मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून, कायद्यानं.

एकच गोष्ट त्या पिशवीत नव्हती. आवाज. सुरुवातीची बाळं वजनानं चांगली भरली, पण ती भांडं पडलं तरी दचकून निळी पडायची आणि बोलायलाही फार उशिरा लागली. कारण बाळाचे कान सहाव्या महिन्यात ऐकायला लागतात आणि तिथून पुढे त्याच्या मेंदूची घडण बरीचशी आईच्या बोलण्यावर होते. म्हणून मग गळपट्टी आली. आईनं घरी बसून ती गळ्याला बांधायची आणि बोलायचं. गळ्याच्या थरथरीतून आवाज उचलला जातो आणि पोटातून जसा घुमून ऐकू आला असता तसा करून साताऱ्याला पिशवीत सोडला जातो. शब्द कळत नाहीत, पण चाल कळते. आणि घरातला बाकीचा गोंगाट, टीव्ही, कुकर, शेजाऱ्यांची भांडणं, यातलं काही बाळाच्या कानी पडू नये म्हणून यंत्र नोंदवलेला आवाज तेवढा पुढे पाठवतं. बाकीचं गाळून टाकतं.

नोंदवलेला आवाज. हे मला तेव्हाच समजावून सांगितलं होतं. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर होतं. मी तेही मोठ्यानंच वाचून दाखवलं होतं.

काकूची याआधी तीन गेली होती. तिन्ही पाचव्यात. आमच्याकडे एवढं झाल्यावर बायका बाळाचं काही आधी आणत नाहीत. झबलं नाही, पाळणा नाही, कुणी नाव सुचवलं तरी विषय बदलतात. काकूनं त्यात स्वतःचा एक नियम वाढवला होता. ती बाळाशी बोलत नव्हती.

"पहिल्याशी मी इतकी बोलायचे," ती मला एकदा म्हणाली, कपड्यांच्या घड्या घालता घालता, "की ह्यांना वाटायचं फोनवर आहे."

हातातली घडी तिनं मोडून परत घातली.

गळपट्टी घरी आली आणि काकू ती बांधून गप्प बसायला लागली. संघातून आली की हातपाय धुवायची, पट्टी बांधायची आणि खिडकीपाशी बसायची. दिवसाला निदान दीड तास बोलायचं होतं. संध्याकाळी सातला माझ्या फोनवर निरोप यायचा (माझ्याच, अर्थात): 'आज आईचा आवाज: ० मिनिटे.' लाल रंगात. दुसऱ्या दिवशी परत. आठव्या दिवशी केंद्रातून समीनाताईंचा फोन आला. अकरा नंबरच्या पिशवीची देखभाल त्यांच्याकडे होती.

"वहिनी, काहीही बोला हो. भाजीचे भाव सांगा. धनंजयदादांना शिव्या घाला, त्याही चालतात."

"बोलते," काकू म्हणाली. फोन ठेवला आणि पुन्हा खिडकीपाशी बसली.

धनाकाका उसावर औषध फवारायचे ड्रोन दुरुस्त करतात. त्यांना कुठलीही गोष्ट दुरुस्त होणार असंच वाटतं. ते म्हणाले, "अगं, रेडिओ लावून ठेवू का जवळ?"

"काका, यंत्र गाळतं ते," मी म्हटलं.

"मग कार्ते, तूच बोल की! तुला तसंही गप्प कुठं बसवतंय?"

काकूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं गळ्यामागे हात नेऊन पट्टी सोडली आणि माझ्या हातात दिली. पट्टी तिच्या अंगानं गरम झाली होती.

"माझ्यानं होत नाही," ती म्हणाली. "तू बोल. पण चांगलं चांगलं बोल हं."

अहाहा! माझ्यासारखीला असा श्रोता कुठे मिळणार? उठून जात नाही, जांभई देत नाही, 'पुरे आता' म्हणत नाही. शाळेतून आले की मी पट्टी बांधायचे आणि सुटायचे. भूगोलाचा धडा वाचायचे. आमच्या वर्गातल्या तनिष्कानं स्वतःच्या हातानं केस कापले ते सांगायचे. विज्ञानाच्या सरांची नक्कल करायचे. राज्य स्पर्धेचं भाषण तर त्या बाळानं माझ्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं असेल. संध्याकाळचा निरोप हिरवा झाला: 'आज आईचा आवाज: १२४ मिनिटे. छान!'

तो हिरवा का झाला, हा प्रश्न मला पडला नाही. मी बोलत होते, मिनिटं पडत होती. आम्हाला एवढंच पुरेसं होतं.

रविवारी आम्ही साताऱ्याला जायचो. अंधारा हॉल, मंद गुलाबी दिवे, काचेआड ओळीनं पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीसमोर कुणीतरी एक हात काचेजवळ धरून उभं. सव्विसाव्या आठवड्यात समीनाताईंनी आम्हाला पडद्यावरची रेघ दाखवली. बाळाच्या ठोक्यांची.

"आता पट्टी बांधून बोला, वहिनी, गंमत बघा."

काकूनं मान हलवली आणि मला खुणावलं. समीनाताई तेवढ्यात नऊ नंबरकडे वळल्या होत्या. मी पट्टी गळ्याला लावली आणि हळूच म्हटलं, "काय रे पिल्लू, काय चाललंय?"

रेघ खाली आली. दीडशेवरून एकशे चाळीस, मग एकशे पस्तीस. बाळ हलायचं थांबलं. माणूस जसं काम थांबवून कान देतो ना, अगदी तसं.

"ऐकतंय का गं?" काकूनं माझा दंड घट्ट धरला.

"ऐकतंय! काकू, ते मला ओळखतंय!"

मी 'मला' म्हणाले. काकूनं दंड सोडला नाही, पण तिची पकड जरा सैल झाली. मला तेव्हा वाटलं की ती आनंदानं सैल झाली.

तेहेतिसावा आठवडा होता. शाळेत कुणाच्या तरी निवृत्तीचा कार्यक्रम होता, आम्हाला दुपारीच सोडलं. मी खालच्या दारातून आत शिरले तर स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज आला. काकूचा. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"…तुझ्या आधी तिघं होती बघ. तू चौथं. तुला सांगू का नको असं चाललं होतं माझं, म्हणून इतके दिवस बोलले नाही. राग धरू नकोस. मधल्याला मी एक नाव ठेवलं होतं. तुझ्या बाबांनासुद्धा माहीत नाही. तुला सांगते, पण कुणापुढे बोलायचं नाही…"

मी पायातली सँडलसुद्धा न काढता उलट पावली बाहेर आले. जिन्यात बसून रडले, हसले, मग परत रडले. काकू बोलत होती! आता सगळं नीट होणार, आणि त्यात माझा केवढा मोठा वाटा, असं मला वाटत होतं. वाटा होताच म्हणा.

संध्याकाळी सातला फोन वाजला.

'आज आईचा आवाज: ० मिनिटे. अनोळखी आवाज गाळला: १ तास ५२ मिनिटे.'

मी तो निरोप तीन वेळा वाचला. मग कपाटातून माहितीपत्रक काढून तिसरं पान वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन मी समीनाताईंना फोन लावला.

"ताई, समजा… आईचा आवाज बदलला तर?"

"सर्दी झालीये का वहिनींना? सर्दीचा आवाज ओळखतं यंत्र, काळजी करू नको."

"सर्दी नाही. समजा नोंदणीच चुकली असेल तर? दुसऱ्या कुणाची झाली असेल."

ताई हसल्या. "होतं असं बऱ्याच जणांकडून. एका आज्जींनी नोंदवला होता आवाज! वहिनींना घेऊन ये. पाच मिनिटांचं काम आहे. अजून पाच आठवडे आहेत, बाळ पटकन शिकतं. पण आईंनी स्वतः यायला हवं. उशीर करू नको, काय?"

"नाही करत," मी म्हटलं.

मी केला.

त्या दिवशी घरी आल्यावर सांगायचं ठरवलंच होतं. खाली गेले तर काकू पट्टी बांधून बसली होती आणि बाळाला दुधातलं फॅट कसं मोजतात ते समजावत होती. काचेची नळी, त्यात आम्ल, मग ती गरगर फिरवायची. इतकी रंगून सांगत होती की मी आलेलंसुद्धा तिला कळलं नाही. मी कसं सांगणार होते? काकू, कालचं तुझं सगळं वाया गेलं, ते नाव परत सांग? ती पुन्हा मिटून बसली असती. निदान मी स्वतःला असं सांगितलं. उद्या सांगू. रविवारी साताऱ्याला गेलो की तिथेच सांगू.

रविवारी समीनाताई सुट्टीवर होत्या, आणि दुसऱ्या कुणाला मी काही सांगितलंच नाही. काकू काचेपाशी उभी होती तेवढ्यात पट्टी घेऊन खांबाआड गेले आणि हलकेच बोलले, "पिल्लू." तिथून मला पडदा दिसत होता. रेघ खाली आली.

ते माझं होतं. एवढ्या मोठ्या जगात मला आवाजानं ओळखणारं एक जण होतं, आणि मला ते सोडवत नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदाच लिहितेय.

सोमवारी समीनाताईंचा फोन आला, मी उचलला नाही. लाल निरोप वाढले तर ताई थेट काकूला फोन करतील, म्हणून मी एक तोड काढली. काकू पहाटेच संघात जायची, पट्टी घरीच ठेवून. शाळेआधी तासभर मी ती बांधायचे आणि बोलायचे. संध्याकाळी निरोप हिरवा. ताईंना मी कळवून टाकलं: 'झाली नोंदणी नीट, काळजी नको.' रविवारी त्या नव्हत्याच, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. पाच आठवडे मी सकाळी बोलले आणि काकू दुपारी बोलली. मी जे बोलले ते पोचलं.

पिशवी उघडायच्या दिवशी केंद्रानं बाहेर रांगोळी काढली होती. मुलगी झाली. सव्वासहा पौंड, डोक्यावर काळंभोर जावळ, आणि आवाज असा खणखणीत की धनाकाका म्हणाले, "ही कार्तीवरच गेली!" सगळे हसले. मी हसले नाही.

तिला काकूच्या छातीवर ठेवलं. काकूनं तिच्या कानाशी तोंड नेलं. पाच आठवडे रोज जिच्याशी बोलली तिला ती पहिल्यांदा समोरासमोर म्हणाली, "आले मी. ओळखलंस का?"

मुलगी किंचाळत राहिली.

"होतं असं," नवीन नर्स म्हणाली. "बोलत राहा, आवाज ओळखीचा आहे ना तुमचा, आत्ता थांबेल."

काकू बोलत राहिली. एक मिनिट, तीन मिनिटं, दहा. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मग आईनं मला पुढे ढकललं, "बघ तरी गं बहिणीला!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, किती रडतेस!"

ती गप्प झाली. मिटलेले डोळे उघडायचा प्रयत्न करत तिनं मान माझ्या बाजूला वळवली.

"अरे वा!" सगळे म्हणाले.

काकूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती मुलीकडे बघत होती. आजूबाजूला सगळे एकदम बोलत होते, तरी मला ती नोंदणीची खोली आठवली. तिथं आपलाच श्वास ऐकू यायचा.

घरी आल्यावर तेच. दूध प्यायला काकू, रडणं थांबवायला मी. दिवसातून दहा वेळा जिन्यातून हाक: "कार्ते, ये गं!" मी खाली जायचे, "काय झालं पिल्लूला" म्हणायचे, की शांत. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. काकू बाळाला माझ्या मांडीवर द्यायची आणि आतल्या खोलीत जायची. आधी दहा मिनिटं जायची. मग तास. बारशाचा विषय निघाला तर म्हणाली, "नाव कार्तिकीच ठेवेल. तिचंच ऐकते ती."

आई मला म्हणाली, "हिच्या मनात काहीतरी आहे. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं."

नवव्या दिवशी दुपारी मी बाळाला झोपवलं आणि आत गेले. काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी होती.

"काकू, जेवतेस ना?"

"तुला एक विचारू?" ती भिंतीशीच बोलली. "मी तिला सांगायला नको होतं. हो ना?"

"काय?"

"आधीच्या तिघांचं. पोटातल्या जिवाला कुणी असलं सांगतं का? मला वाटलं, सगळं खरं सांगावं, एकदाचं मोकळं व्हावं. ती ऐकून बसलीये सगळं. म्हणून माझा आवाज आला की रडते. तिला माझी भीती वाटते, कार्ते. तीन मेलेल्यांची आई आहे मी तिच्या लेखी."

मी इतके दिवस घाबरत होते की खरं कळलं तर ती मोडेल. आणि ती खरं न कळल्यामुळे मोडत होती, माझ्या डोळ्यांदेखत, रोज थोडी थोडी.

"काकू, तिनं त्यातलं काहीच ऐकलेलं नाही."

"ऐकलंय गं. महिनाभर बोलत होते मी."

"नाही ऐकलं. यंत्रानं गाळलं. त्या दिवशी मधमाश्यांचा उतारा मी वाचला ना… त्याला वाटलं आई म्हणजे मी. माझाच आवाज आत जायचा. तुझं एक अक्षरही तिच्यापर्यंत गेलं नाही."

ती उठून बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेसारखं होतं. एखादी गाठ सुटावी तसं. "म्हणजे… ती मला घाबरत नाही?"

"ती तुला ओळखतच नाही, काकू."

हे वाक्य मला वेगळं म्हणता आलं असतं. पण म्हटलं गेलं.

तिनं पाय पलंगाखाली सोडले. मग तिनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलायची संधी होती. काल कळलं, आत्ता कळलं, काहीही चाललं असतं.

"तू बोलायला लागलीस त्याच दिवशी संध्याकाळी."

ती मनातल्या मनात आठवडे मोजतेय हे मला दिसत होतं. तिचे ओठ हलत होते.

"मी रोज इथे बसून बोलत होते. तू येऊन बघून जात होतीस. एकदा बोलता बोलता रडले तर तू पाणी आणून दिलंस मला."

"हो."

"नीट करता आलं असतं?"

"पाच मिनिटांत," मी म्हणाले. "समीनाताई म्हणाल्या होत्या."

"मग का नाही केलंस?"

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, बाहेर गेली, माझ्या ओढणीत गुंडाळलेलं बाळ तिनं उचललं. ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि मुलीला आपल्या पदरात घेतलं. मुलगी जागी झाली आणि तिनं टाहो फोडला.

"तू वर जा," काकू म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि हे बघ, कार्तिकी. मी हाक मारल्याशिवाय खाली यायचं नाही. जिन्यातसुद्धा बोलायचं नाही. तुझा आवाज तिच्या कानावर पडता कामा नये."

मी वर गेले. आई म्हणाली, "अगं, केवढी रडतीये! जा की, तू बोललीस की गप्प होईल." मी मान हलवली आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. खालून काकूचा आवाज येत होता, रडण्याच्या वरताण होण्यासाठी ताणलेला.

"मी हर्षदा. मी तुझी आई. हा पंखा आहे. ही खिडकी. हे तुझ्या बाबांचे स्क्रू-ड्रायव्हर, कुठेही टाकतात…"

रडणं पन्नास मिनिटं चाललं. मी ओढणी तोंडात धरून बसले होते. एकदाच बोलायचं होतं, 'पिल्लू' एवढंच, की झालं असतं. घशापर्यंत आलेला शब्द गिळायला एवढा त्रास होतो हे मला माहीत नव्हतं.

आईला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता ती म्हणते तसं कर." पप्पांनी काकांना काय सांगितलं मला माहीत नाही, काका जिन्यात दिसले तर मान खाली घालून जायचे. राज्य स्पर्धेला मी गेले नाही. घरात भाषणाचा सराव करायचा कसा? वर बोललं की खाली ऐकू येतं. मी खुणा करायला लागले, पाटीवर लिहून दाखवायला लागले. शाळेत गेल्यावर तेवढं बोलायचे, तेही पहिल्या तासाला घसा साफच व्हायचा नाही.

रोज शाळेतून आले की पायरीवर बसायचे. पन्नास मिनिटं. अठ्ठेचाळीस. एकदा तर सव्वा तास. काकूचा आवाज बसला होता, घोगरा झाला होता, मधूनच फुटायचा. ती बोलायची थांबली नाही. जेवण, कपडे, दूध संघातल्या बायकांची नावं, गल्लीतल्या कुत्र्यांची नावं.

वर आल्यापासूनच्या सोळाव्या दिवशी दुपारी मी पायरीवर बसले होते. मुलगी रडत होती आणि काकू तिला भाकरी कशी थापतात ते सांगत होती. "…कडेनं फिरवत न्यायचं, मध्ये जाड राहू द्यायची नाही…" आणि वाक्याच्या मधेच रडणं थांबलं.

काकूसुद्धा थांबली.

खाली काहीच आवाज नव्हता. मग मुलीनं एक हुंदका दिला, रडणं संपल्यावरचा, आणि काकू अगदी हळू म्हणाली, "मग तव्यावर टाकायची. मग पाणी फिरवायचं."

रडणं नाही.

मी उठून उभी राहिले. एक पायरी उतरले. कठड्याला धरून वाट बघितली. आता हाक मारेल, मला वाटलं. आता 'कार्ते' म्हणेल.

खाली काकू भाकरी उलटण्यापर्यंत आली होती. मुलगी ऐकत होती. मी तिथे बराच वेळ उभी होते, पाय दुखायला लागेपर्यंत. मला हाक आली नाही.